डाग कसा पडला ते विचारायचं नाही

९ जानेवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस, ते मला खुणेवरून दिसतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि पाकीट न उघडता फाडणाऱ्यातली तू नाहीस. लहानपणी माझी पत्रं वाफेवर धरून उघडायचीस. बाबांच्या लॉन्ड्रीतल्या वाफेचा तेवढा एकच उपयोग तुला तेव्हा ठाऊक होता.

मुद्द्यावर येते. भाऊच्या लेकीने मला सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. दोनदा तुला, तू कामाला आहेस त्या हॉटेलच्या चादरींच्या खोलीतून उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. पित्ताशयात खडे आहेत, त्यातला एक नळीच्या तोंडाशी येऊन बसलाय. डॉक्टरांनी पित्ताशय काढून टाका म्हणून सांगितलं. तू कपडे बदललेस, स्वतःच्या जबाबदारीवर जाते म्हणून सही केलीस आणि घरी येऊन झोपलीस. कारण विचारलं तर लेकीला म्हणालीस, "तुझ्या बाबाचं पित्ताशय काढलं, म्हणून त्याला आतड्याचा कॅन्सर झाला. मला त्या वाटेने जायचं नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलंय. भाऊ गेला त्याच आठवड्यात, इस्त्रीच्या खोलीत, सगळ्या कामगारांसमोर तू माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "हिनेच त्याला कापायला नेलं." माणसं अशी थिजली की एकाच्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि गिऱ्हाइकाचा शर्ट जळला. त्या जळक्या वासात तू बॅग भरलीस आणि गेलीस. तेव्हा मी काही बोलले नाही. दोन वर्षं बोलले नाही. दुःखात माणूस काहीही बरळतो, म्हणून सोडून दिलं. पण तेच बरळणं आता तू स्वतःच्या पोटावर बांधून बसणार असशील, तर मी गप्प बसणार नाही.

हो, मी नेलं त्याला. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन. डोळे पिवळेजर्द झाले होते, तापाने दात वाजत होते, आणि साहेब मशीनपाशी उभे. मला म्हणाला, "ताई, तेवढे दवाखान्याचे गणवेश पोचते केले की जाऊ." मी कान धरून रिक्षात घातला. सर्जन म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर विष रक्तात भिनलं असतं. हे तू ऐकलं होतंस. तू माझ्या शेजारीच उभी होतीस.

मी सगळी नोकरी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात घालवली. नातेवाईक काय काय लिहून द्यायचे! नवं औषध सुरू केलं आणि गेले. घर बदललं आणि गेले. चष्मा बदलला आणि गेले, असंही एकाने लिहिलं होतं. आधी काय झालं आणि कशाने झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पगार देऊन शिकवलंय. तुला फुकट सांगते आहे.

ऑपरेशनची तारीख घे आणि मला कळव.

तुझी ताई
(हा शब्द नको असेल तर खोडून टाक.)


२३ जानेवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. हॉटेलच्या कपड्यांच्या चिठ्ठीवर चार ओळी. वरती छापलंय, उशांचे अभ्रे, टॉवेल, गालिचे, आणि खाली तू: "तू डॉक्टर नाहीस. तू बीएस्सी आहेस, तीही कधीकाळची. संबंध नाही म्हणतेस तर सिद्ध कर."

ठीक आहे. मी पोटविकारांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मला मुलगी असती तर तिच्या वयाची असेल. मी आत गेल्या गेल्या सांगितलं, मला काहीही झालेलं नाही, मला एका मूर्ख बाईशी वाद घालायचा आहे आणि त्यासाठी माहिती हवी आहे. ती म्हणाली, असे बरेच येतात, बसा.

ती जे बोलली ते तसंच लिहिते. माझ्या बाजूचं नसलेलंही लिहिते, कारण मी तुझ्यासारखी नाही.

पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय ही नुसती पिशवी. ती पित्त साठवते आणि जेवण झालं की सोडते. पिशवी काढली की पित्ताला थांबायला जागा राहत नाही, ते दिवसभर थोडं थोडं आतड्यात उतरत राहतं. काहींचं पोट त्यामुळे सैल होतं, बहुतेकांचं पुढे सावरतं. त्यातलं काही पित्त मोठ्या आतड्यापर्यंत जातं, तिथले जंतू त्याचं रूप बदलतात, आणि ते बदललेलं पित्त आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं चुरचुरत राहिलं तर अपाय होत असेल, अशी शास्त्रज्ञांना शंका आली. मग वेगवेगळ्या देशांत हजारो-लाखो माणसांच्या नोंदी तपासल्या. काही अभ्यासांत धोका थोडासा वाढलेला दिसला, तो मुख्यतः उजव्या बाजूला, मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे. काही अभ्यासांत काहीच फरक दिसला नाही. शिवाय वजन, खाणं, बसून काम, यांनी खडेही होतात आणि आतड्याचा धोकाही वाढतो. मग दोष पिशवी काढल्याचा की त्या राहणीचा, हे सोडवून दाखवणं अवघड.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

ती म्हणाली, "पूर्ण माहीत नाही. पण खडा नळीत अडकून माणूस मरतो, हे पूर्ण माहीत आहे. तुमच्या मूर्ख बाईंना एवढं सांगा."

सांगितलं.

आता भाऊचं. मला आठवत होतं तेवढं तिला सांगितलं. त्याची गाठ डाव्या बाजूला होती, अगदी शेवटाजवळ, म्हणजे ज्या बाजूबद्दल शंका आहे तिच्या दुसऱ्या टोकाला. आणि अशी गाठ वर्षा-दोन वर्षांत उगवत नाही. आधी अस्तरावर एक छोटा मस येतो, त्याला पॉलिप म्हणतात. तो कितीतरी वर्षं मुकाट वाढतो आणि मग एखादा बिघडतो. भाऊचं ऑपरेशन आणि गाठ सापडणं यात दोन वर्षंही गेली नव्हती. ऑपरेशन झालं तेव्हा गाठ बहुधा आत होतीच, असं तिचं म्हणणं.

मग ती मलाच प्रश्न विचारायला लागली. आईला काय झालं होतं, तुम्हाला पोटाचा काही त्रास, शौचाला रक्त जातं का. बाबांच्या लॉन्ड्रीत वाढलेल्या माणसाला असले प्रश्न झेपत नाहीत. काउंटरवर बसायला लागलो त्या दिवशी त्यांनी तिघांनाही एकच नियम सांगितला होता: डाग कशाचा ते बघायचं, कसा पडला ते विचारायचं नाही. मी पर्स उचलली आणि आले. तिने एक चिठ्ठी हातात दिली, ती माझी बाब आहे.

तुझी बाब अशी की तारीख घे.

ताई


७ फेब्रुवारी

धाकटे,

या वेळी दोन पानं लिहिलीस. पोटात दुखत असताना एवढं भांडता येतं, म्हणजे शक्ती आहे.

"बहुधा" तुला पुरत नाही म्हणतेस. मलाही पुरत नाही. पण डॉक्टर "बहुधा" म्हणते तेव्हा ती खरं बोलत असते, आणि तू "नक्की" म्हणतेस तेव्हा तू रागावलेली असतेस.

तुझा सगळा भर एकाच वाक्यावर आहे: भाऊ ऑपरेशनच्या आधी ठणठणीत होता, नंतर त्याचं पोट बिघडलं ते कायमचं. दुसरा भाग खरा आहे, तो मीही पाहिलाय. दिवसातून चार वेळा उठायचा. विचारलं की हसून म्हणायचा, "पिशवी नाही ना आता, थेट पाइपलाइन." मुरडा आला तरी तेच कारण, वजन उतरलं तरी तेच. डॉक्टरांनीही सुरुवातीला हे होतंच म्हणून सांगितलं होतं, आणि पुन्हा दाखवायला ये म्हणूनही सांगितलं होतं. पहिलं त्याने पाठ केलं आणि दुसरं विसरला. पुढे चक्कर येऊन तो काउंटरवर कोसळला, रक्त तपासलं तर अंगात रक्तच नव्हतं, तेव्हा कुठे आतडं बघितलं गेलं. त्या पित्ताशयाने भाऊला मारलं नाही, धाकटे. नसलेल्या पित्ताशयामागे तो लपून बसला.

राहिला पहिला भाग, आधी ठणठणीत होता हा. त्याची जुनी कागदपत्रं तुझ्या वहिनीकडे आहेत. मी जाऊन आणते आणि डॉक्टरबाईंना दाखवते. म्हणजे तुझंही तोंड बंद आणि माझंही.

"डॉक्टरने तुला विचारलेल्याची उत्तरं गाळलीस, तुझी तपासणी झाली का?" असं तू शेवटी लिहिलंस. माझ्या पत्रात तुला मी सोडून दुसरं काही वाचायला नाही का?

चादरी उचलायच्या नाहीत. कुणालातरी सांग.

ताई


१५ फेब्रुवारी

धाकटे,

काल तुझ्या वहिनीकडे गेले होते. आज सगळं क्रमाने लिहिते, तसंच वाच.

तिने फायली काढून ठेवल्या होत्या. त्यात विशेष काही नव्हतं. मग चहा झाला, आणि ती भाऊचं कपाट उघडून बसली. अजून रिकामं केलेलं नाही तिने. एक गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मोठ्या वन्सं, हे न्या, पुसायला होतील." भाऊचे पांढरे पायजमे. आत कमरेशी आपल्या घरची खूण, दोन निळे टाके, गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मिसळू नयेत म्हणून आई घालायची तेच.

मी म्हटलं, पुसायला कशाला, हे चांगले आहेत. तेवढ्यावर ती भडकली. म्हणाली, चांगले असणारच, धाकट्या वन्संच्या हातचे आहेत. मग तिची जुनी तक्रार बाहेर पडली. आतले कपडे आणि पायजमे घरी धुवायला टाकायचेच नाहीत म्हणे, स्वतः पिशवीत भरून लॉन्ड्रीत न्यायचे. "बहिणीच्या हातचंच लागायचं. मी इतकी वर्षं काय त्यांच्या कपड्यांना काजळी फासत होते?"

मी सहज विचारलं, हे कधीपासून.

म्हणाली, मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षापासून.

मी पुन्हा विचारलं. तीन-तीनदा विचारलं. मुलगी कॉलेजात गेली ते वर्ष, आणि भाऊचं ऑपरेशन तिच्या दुसऱ्या वर्षात. म्हणजे ऑपरेशनच्या वर्षभर आधीपासून तो पिशवी तुझ्याकडे आणत होता.

तिला त्याचा अर्थ लागलेला नाही. ती नवऱ्यावर रुसलेली बायको आहे, तिला वाटतं तिच्या धुण्याला नावं ठेवली. मला मात्र लागला, कारण मी त्याच लॉन्ड्रीत लहानाची मोठी झाले. मी पायजमे घरी आणले आणि खिडकीशी उजेडात धरले. एकही डाग नाही. पांढरे स्वच्छ, खळ दिल्यासारखे. पण बसायच्या जागी सूत विरलंय. गुडघ्याशी कापड कोरं आहे, पायाच्या घड्या कोऱ्या आहेत, आणि तिथे तेवढं पार झिरझिरीत. तिथून पलीकडची खिडकी दिसते. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, हाताने चोळलेलं कापड असं होतं. मशीनने होत नाही. गरम पाण्याने तर नाहीच, गरम पाण्याने तो डाग पक्का बसतो. गार पाणी, मीठ, आणि चोळणं. हे आपल्याला लिहायला-वाचायला येण्याआधी येत होतं.

काम उत्तम केलं आहेस. बाबा असते तर तुझी पाठ थोपटली असती.

आता मी बाबांचा नियम मोडते आहे. धाकटे, तो डाग कसला होता? आणि कसा पडत होता? मला सरळ उत्तर हवंय, चिठ्ठीवर चार ओळींचं नको.


२ मार्च

धाकटे,

मिळालं उत्तर.

तर रक्त होतं. पहिल्यांदा त्याने कागदात गुंडाळून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "गिऱ्हाईक ओळखीचं आहे, पावती नको." तू उघडून बघितलंस आणि त्याच्याकडे पाहिलंस. तो म्हणाला, मूळव्याध आहे, बसून बसून झालंय, आणि ताईला सांगू नकोस, ती लगेच फाइल उघडेल. तू धुतलंस. मागच्या अंगणात वाळत घातलंस, कामगारांना दिसू नये म्हणून चादरींच्या आड. त्यानंतर तुम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. दर आठवड्याला पिशवी यायची आणि स्वच्छ होऊन जायची.

वर्षभर. ऑपरेशनच्या आधी वर्षभर, आणि नंतरही.

मी हे पान तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा जे येईल ते पाठवते.

तुला माहीत होतं. इस्त्रीच्या खोलीत माझ्याकडे बोट केलंस तेव्हा तुला माहीत होतं की रक्त ऑपरेशनच्या आधीपासून जात होतं. मी त्याला नेण्याच्या आधीपासून. सर्जनने हात लावण्याच्या आधीपासून. पित्ताशय पोटात शाबूत होतं तेव्हापासून! आणि तरी तू सगळ्यांसमोर मला त्याची मारेकरीण ठरवलंस, दोन वर्षं मला दार बंद केलंस, आणि वर मलाच म्हणतेस, सिद्ध कर. पुरावा तुझ्याच हाताने धुतला होतास. मी कुठून आणणार होते सिद्ध करायला?

डॉक्टरबाईंना हे सांगितलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, तेव्हाच कुणी तिच्यासारख्याकडे आणलं असतं तर. वाक्य पूर्ण केलं नाही. ती भली बाई आहे. मी भली नाही, मी पूर्ण करते: तर भाऊ आज काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना हसवत असता.

तू लिहितेस की तुला खरंच मूळव्याध वाटली. ते मी मानते. शेकडो लोकांना वाटते. तू लिहितेस की नंतर आठवणीत ती पिशवी आली की तू मनात म्हणायचीस, नाही, हे सगळं ऑपरेशनने झालं, आणि मग झोप लागायची. तेही मानते. पण झोप यावी म्हणून तू जी गोष्ट रचलीस, तिच्यावर आता तू स्वतःचा जीव टांगलायस. गोष्ट खरी ठरावी म्हणून ऑपरेशन करून घ्यायचं नाही. केलं आणि काही झालं नाही, तर मग भाऊ कशाने गेला, हा प्रश्न तुझ्या दारात येऊन उभा राहील, याची तुला धास्ती आहे. खडा नळीत अडकलेला परवडला, तो प्रश्न नको. असंच आहे ना?

त्याच्यावरही माझा राग आहे, लिहून ठेवते. लोकांचे डाग बघून, हा चहाचा, हा शाईचा, हा गंजाचा, असं डोळे मिटून सांगणारा माणूस. स्वतःचा ओळखता आला नाही त्याला. का ओळखला होता आणि म्हणूनच तुझ्याकडे आणला, कोण जाणे. "ती फाइल उघडेल." हो, उघडली असती. फाइल उघडणारं माणूस घरात असू नये म्हणून दोघांनी मिळून केवढी काळजी घेतलीत.

आणि सगळ्यात शेवटी, एवढं सगळं कबूल केल्यावर, तू मला अट घालतेस. "आधी तू तपासणी करून घे, मग मी ऑपरेशन करते. डॉक्टरने तुला चिठ्ठी दिली होती ना? तिचं काय झालं?"

फार हुशार आहेस.

चिठ्ठीवर दुर्बिणीतून आतडं तपासायची तारीख होती. आधी आई पोटात गोळा होऊन गेली, त्या गोळ्याला कुणी नाव विचारलं नाही. मग भाऊ. त्यामुळे तुम्ही दोघी बहिणी रांगेत आहात, असं डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितलं. मी दवाखान्यात फोन केला आणि पाहुणे येणार आहेत म्हणून तारीख पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. माझ्याकडे कोण पाहुणे येतात ते तुला माहीत आहे.

करते तपासणी. तुझ्यासाठी नाही. तुझ्या तोंडावर मारायला कागद हवा म्हणून करते.

ताई


१३ मार्च

धाकटे,

झाली.

आदल्या दिवशी एक औषध पाण्यात कालवून पीत बसायचं असतं. चव सांगत नाही, तुलाही प्यायचं आहे, आधीच कशाला भीती घालू. एवढंच सांगते की लॉन्ड्रीतल्या सगळ्या टाक्या एकदम उपसायला काढल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी झोपेचं इंजेक्शन दिलं. मी डॉक्टरबाईंना सांगत होते की माझ्यावर इंजेक्शनचा परिणाम जरा उशिराच होतो, आणि ते वाक्य पूर्ण झाल्याचं मला आठवत नाही.

दोन मस निघाले. एक बारीक. दुसरा चांगला हरभऱ्याएवढा, डाव्या बाजूला, शेवटाजवळ. भाऊचं जिथे होतं त्याच्या आसपास. तिथल्या तिथे, दुर्बिणीच्या नळीतूनच, तारेचा फास घालून काढले. कापाकापी नाही, टाका नाही. तासाभराने मी बिस्किट खात बाकड्यावर बसले होते. काल तपासणीचा अहवाल आला. कॅन्सर नाही. मोठा होता त्याची लक्षणं धड नव्हती, आणखी काही वर्षं राहिला असता तर सांगता येत नाही, असं ती म्हणाली. आता ठरावीक वर्षांनी पुन्हा बघायचं.

मला रक्त कधी गेलं नाही. काही दुखलं नाही. आणि ऐक, माझं पित्ताशय जागच्या जागी आहे. जन्मात एक खडा झालेला नाही. तरीही तो उगवला.

हा पुरावा नव्हे, मला कळतं. एका माणसावरून काही ठरत नाही. पण तूही एकाच माणसावरून ठरवलं होतंस.

मला वाटलं होतं, अहवाल हातात आला की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि एवढी चिडले की हातातला पेला आपटून फुटला. कुणावर चिडले ते ठरवता येईना. तासाभराचं काम, धाकटे. तारेचा फास आणि बिस्किट. भाऊचाही असाच निघाला असता. त्याला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि विचारायचं नाही हे आपण तिघंही चोख शिकलो होतो. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मीही पर्स उचलून आलेच की.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल असं समजू नकोस. इस्त्रीच्या खोलीत जे बोललीस ते त्याच माणसांसमोर तुला परत घ्यावं लागेल. त्यातले दोघं अजून कामावर आहेत, ज्याच्या हातून शर्ट जळला तोही आहे. पण त्यासाठी तू जिवंत असायला हवीस.

मी माझं केलं. आता तुझी पाळी. तारीख. आणि ऑपरेशनमधून सावरलीस की आतड्याची तपासणी. पित्ताशय काढलं म्हणून नव्हे, आईची लेक आणि भाऊची बहीण आहेस म्हणून. तुझ्या पुढच्या पत्रात मला दोन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत. ऑपरेशन कधी? आणि तुला स्वतःला कधी रक्त जातं का?

ताई


२५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आज आलं. मंगळवारी दाखल होणार, बुधवारी ऑपरेशन. दुर्बिणीतून करणार आहेत, चार बारीक छेद. हॉटेलने रजा दिली. शेजारीण डबा देणार आहे. तुझ्या जागी चादरी मोजायला कोण बसणार, तिला टॉवेल आणि पायपुसणं यातला फरक कसा कळत नाही, याच्यावर अर्धं पान. सगळं लिहिलंस. "तू येऊ नकोस, मी बघते माझं," हेही लिहिलंस.

दोन प्रश्न विचारले होते. उत्तर एकाचंच आलं.

मी पत्र उलटून बघितलं. पाकीट झटकून बघितलं.

म्हणून येते आहे. सोमवारी दुपारी पोचेन. स्टेशनवर यायचं नाही, घरातच पडून राहायचं. किल्ली शेजारणीकडे ठेव. वहिनीला सांगितलंय, ती तिच्या लेकीसोबत बुधवारी येईल. तिलाही पायजम्यांचं सगळं सांगितलं. ती खूप रडली आणि मग म्हणाली, "माझ्या धुण्यात काही खोट नव्हती, एवढं तरी कळलं." तिला तोंड दाखवायची तयारी ठेव.

ऑपरेशननंतर काही दिवस तुला वाकता येणार नाही, बादली उचलता येणार नाही. तुझे कपडे मी धुणार आहे. मशीनमध्ये नाही, हाताने, एक एक करून, उजेडात धरून. आल्या दिवसापासून, साठवून ठेवलेल्या गाठोड्यासकट. एखादा आधीच धुवून लपवलास तरी सूत मला दिसेल.

आणि डाग दिसला, तर कसा पडला ते विचारणार आहे.

ताई